सातव्या दाराआड

फार पूर्वी, वाट बघणं हा लोकांचा मुख्य धंदा झालेला नव्हता तेव्हा, एका नगरात एक पोथीकार राहत होता. तो मुलांसाठी गोष्टी लिहायचा. गोष्टी म्हणजे खरं तर एकच गोष्ट, आणि ती सहा वर्षं चालू होती.

त्या गोष्टीत शेवंती नावाची एक मुलगी होती. एका राक्षसानं तिच्या गावातली सगळी पाखरं नेऊन डोंगराच्या पोटात कोंडली होती. डोंगराला एकाच्या आत एक अशी सात दारं. शेवंती पाखरं सोडवायला निघाली. प्रत्येक दाराला आपलं काहीतरी देऊन पुढे जायचं. पहिल्या दाराला तिनं पैंजण दिले, दुसऱ्याला वेणी कापून दिली, तिसऱ्याला आपली सावली काढून दिली. दर वर्षी जत्रेत एक भाग निघायचा आणि एका भागात एक दार उघडायचं. सहाव्या भागात मात्र दोन उघडली, आणि शेवटच्या ओळीत शेवंती सातव्या दाराच्या आत गेली आणि तिच्यामागे दार बंद झालं. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'शेवंतीचं काय झालं ते सातव्या भागात.'

पुढच्या वर्षी जत्रा आली, सातवा भाग आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. त्यामुळे पोथीकाराची कीर्ती दुप्पट झाली.

न लिहिलेल्या भागाबद्दल राजानं त्याला पालखीचा मान दिला. दर महिन्याला दवंडी पिटली जाऊ लागली, "सातवा भाग येतोय हो!" लोक विचारत, "कधी?" दवंडीवाला म्हणे, "लवकरच!" आणि पुढच्या चौकात जाई. दरबारी चित्रकारानं सातव्या भागाचं मुखपृष्ठ रंगवून वेशीवर टांगलं. आत काय आहे हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं नुसतं एक बंद दार काढलं होतं. शहाणी माणसं त्या दारासमोर तासन् तास उभी राहून गूढ अर्थ काढत. नगरात दोन पक्ष पडले. शेवंती बाहेर येते म्हणणारा एक, येत नाही म्हणणारा दुसरा. या दोन पक्षांत सोयरीकसुद्धा होईनाशी झाली.

खरी गोष्ट एवढीच होती की सातव्या दाराआड काय आहे, हे पोथीकाराला ठाऊक नव्हतं. दार लावताना त्याला वाटलं होतं, सुचेल. पण सुचलं नाही.

कुणी फारच खोदून विचारलं तर तो डोळे मिटून मंद हसायचा. ते हसणं पाहून लोक हात जोडायचे. फक्त त्याची बायको जोडत नसे.

"अहो, मला तरी सांगा," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "काय आहे त्या दाराआड?"

"योग्य वेळी कळेल."

"कुणाला? तुम्हाला?"

त्यानंतर पोथीकार चार दिवस स्वयंपाकघरात जेवला नाही. ताट ओसरीवर मागवलं.

एका दुपारी त्याच्या दारात रंगारीण आली. नदीकाठी कापड रंगवणारी बाई, कोपरापर्यंत हात निळे. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बुवा, माझी पोर दोन महिने अंथरुणाला खिळलीय. वैद्य म्हणतात, काढा निम्मं काम करतो, निम्मं पोरीनं करायचं असतं. तिला एकच ध्यास आहे. शेवंतीचं काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. एकदा याल का?"

आजारी मुलाला भेटायला जाणं पोथीकाराला शोभणारं होतं. तो गेला. पालखीतून गेला, त्यामुळे मागोमाग चाळीस-पन्नास माणसंही गेली.

मुलगी दहा वर्षांची असेल. गालांची हाडं वर आलेली. उशाशी सहाही भाग होते, हाताळून हाताळून त्यांच्या कडा मऊ पडल्या होत्या. पोथीकाराला पाहताच ती कोपरावर उठली.

"तुम्हीच का पोथीबुवा? मला वाटलं, दाढी आणखी मोठी असेल."

"वाढतेय अजून," पोथीकार म्हणाला. मुलगी हसली. हसताना तिला खोकला आला. आईनं पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर मुलीनं विचारलं,

"शेवंती बाहेर येते का?"

"सातव्या भागात कळेल, बाळ."

"तो कधी येणार?"

"लवकरच."

"लवकरच म्हणजे किती? वैद्यबुवापण म्हणतात, लवकरच बरी होशील."

मुलगी आईला म्हणाली, "आई, तू जरा बाहेर जा बघू." आई गेली. मग ती हळूच म्हणाली, "आता कानात सांगा. मी कुणाकुणाला सांगणार नाही. ती बाहेर येत नसेल तरी सांगा. मी रडणार नाही. फक्त सांगा."

पोथीकार वाकला. 'मला माहीत नाही गं' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. तिथे नगरातला न्हावी कान लावून उभा होता, आणि त्याच्यामागे दोन्ही पक्षांचे लोक माना उंचावून. हे चार शब्द संध्याकाळपर्यंत राजवाड्यात पोचणार. वेशीवरचं मुखपृष्ठ उतरवलं जाणार. परत जाताना पालखीचे भोई कुठल्या तरी वळणावर पालखी खाली ठेवून निघून जाणार.

तो ताठ उभा राहिला. डोळे मिटून मंद हसला.

"आधीच सांगितलं तर गंमत जाते, बाळ."

मुलीनं त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि आडवी झाली.

बाहेर न्हाव्यानं त्याच्या पायांना हात लावला. "काय माणूस! मरणाऱ्या पोरीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही!" हे त्यानं कौतुकानं म्हटलं होतं. पोथीकाराला मात्र पालखीत बसल्यावर ते वाक्य टोचायला लागलं, आणि घरी आल्यावरही टोचतच राहिलं.

तो लिहायला बसला. तीन दिवस त्यानं बोरू खाली ठेवला नाही. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं सगळे कागद बाजूला सारले. शेवंती बाहेर येते, बस्स. कशी येते ते त्या पोरीलाच विचारू. त्यानं पालखी मागवली नाही. जोडेही घातले नाहीत. धावतच नदीकाठी गेला.

रंगारणीच्या अंगणात कापड वाळत घालायच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. ती ओट्यावर बसली होती.

"उशीर झाला, बुवा," ती म्हणाली. "काल नेली तिला."

पोथीकार ओट्याच्या पायरीशी बसला.

"तुम्ही गेलात आणि ती म्हणाली, आई, शेवंती बाहेर येत नाही. मी म्हटलं, अगं, बुवा असं कुठे म्हणाले? तर म्हणते, येत असती तर सांगितलं असतं. चांगली बातमी कुणी लपवून ठेवतं का?" रंगारणीनं निळे हात पदराला पुसले. "संध्याकाळी काढा पुढे केला, तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हातापाया पडले मी तिच्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली."

"बाई," पोथीकार म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"ती औषध सोडेल हे?"

"शेवंतीचं. ती बाहेर येते की नाही, हे मलाच माहीत नव्हतं."

रंगारणीनं त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही, याचंच त्याला जास्त भय वाटलं.

"मग तेवढंच सांगायचं होतं, बुवा. तिनंच सांगितलं असतं तुम्हाला. रोज सकाळी काढा घेताना ती मला शेवंतीची बाहेर यायची एक नवी वाट सांगायची. कधी पाखरांच्या पंखांवरून, कधी पाण्याच्या झऱ्यातून. दोन महिन्यांत एकदाही तीच वाट पुन्हा सांगितली नाही. तुम्ही येऊन गेलात आणि थांबली. म्हणाली, लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आपण कोण?"

त्या वर्षी जत्रेत पोथीकार चौथऱ्यावर चढला. सारं नगर लोटलं होतं.

"सातवा भाग नाही," तो म्हणाला. "मला पुढची गोष्ट ठाऊक नाही. कधीच नव्हती. आणि हे लपवलं म्हणून एक मुलगी गेली."

तो पुढे बोलणार तोच कुणीतरी ओरडलं, "मुलगी गेली! म्हणजे शेवंती मरते!" येत-नाही पक्षानं फेटे उडवले. येते-पक्षाचे लोक म्हणाले, छे, हा नुसता चकवा आहे, आपल्याला अजून खेळवतोय. न्हाव्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "अशी उत्कंठा वाढवणारा पुन्हा होणे नाही." टाळ्या इतक्या वाजल्या की पोथीकार "खरं सांगतोय, खरं सांगतोय" म्हणत होता ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. दवंडीवाल्यानं तिथल्या तिथे डफ उचलला आणि आठव्या भागाचीही घोषणा करून टाकली.

गर्दीत बापाच्या खांद्यावर एक चिमुरडी बसली होती. तिनं बापाचे केस ओढून विचारलं, "बाबा, मग ती अजून आतच आहे? एकटीच?"

बाप चौथऱ्याकडून नजर न हलवता म्हणाला, "गप गं. कळेल लवकरच."

तात्पर्य: ज्याला आज उत्तर हवं आहे त्याला पुढच्या भागाचा वायदा देऊ नये, आणि ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणायला लाजू नये. आपण रिकामी ठेवलेली जागा विचारणारा स्वतःच भरून घेतो, आणि खचलेलं मन तिथे सहसा वाईटच लिहितं.