दुर्गव्वानं पाडलेलं घर

आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या काळातली ही गोष्ट. कुसळपेठ तेव्हा माळावर एकटीच होती. चहूकडे कमरेएवढं गवत आणि त्यावरून दिवसभर वाहणारा वारा. गावाला रस्ता एकच, आणि रस्त्याच्या एका अंगाला कुडाच्या दुकानांची रांग. वाऱ्यानं छपरं उडायची, लोक ती बांधायचे, ती पुन्हा उडायची.

एकदा त्या रस्त्यानं दगडफोड्यांचा तांडा आला. त्यात दुर्गव्वा होती. वय तरणं, नवरा वारलेला, हातात त्याचा घण. तांडा पुढं निघाला तेव्हा ती म्हणाली, "एवढं एक दुकान बांधते नि मागनं येते." तिनं काळ्या दगडाचं दुकान बांधलं, खाली ओटा, वर राहायला माडी. लगेच शेजारचा आला, "माझंही बांध." मग त्याच्या शेजारचा. असं करता करता अकरा वर्षं गेली, असं म्हणतात.

त्या अकरा वर्षांत दुर्गव्वा स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नाही. जेवायची तीही उभ्यानं. छपराखाली तिचा डोळा लागायचा नाही, म्हणून ती रस्त्याच्या टोकाला पालात राहायची. रोज तिन्हीसांजेला गाठोडं बांधायची, तांडा गेला त्या वाटेनं कोसभर चालायची आणि कुठल्यातरी अर्धवट भिंतीच्या काळजीनं माघारी यायची. "पाय म्हणतात चल, हात म्हणतात थांब," ती सांगायची. "मी ऐकू तरी कुणाचं?"

सगळ्यांत देखणं घर तिनं रांगेच्या मधोमध बांधलं, अंबादास कासाराचं. त्याच्या कमानीवर तिनं दगडाचे दोन मोर कोरले. वारा सुटला की ते माना वळवायचे, असं म्हणतात. जाता-येता दुर्गव्वा त्या कमानीवरून हात फिरवायची.

मग एका वैशाखात, भर दुपारी, माळ पेटला. आग गवतावरून घोड्यासारखी दौडत आली आणि पहिल्या घरावर चढली. भिंती दगडाच्या होत्या, पण छपरं लाकडाची, एकाला एक चिकटलेली. जाळ एका घरावरून दुसऱ्यावर उड्या घेऊ लागला. विहीर तळाला गेलेली. लोक रिकाम्या घागरी घेऊन नुसते धावत होते.

दुर्गव्वा घण घेऊन अंबादासाच्या दारात गेली.

"शेट, लेकरं बाहेर काढा. घर पाडायचंय."

"अगं, माझं घर पेटलेलं नाही!"

"म्हणून तर मागते. हे पडलं तर आग इथंच थांबंल. पुढं अजून नऊ घरं आहेत."

"तूच बांधलंस ना गं हे?"

"मीच." तिनं कमानीवरून हात फिरवला. "कुठं मारलं की पडतं, ते मलाच ठाऊक."

शेजारच्या छपरानं पेट घेतला. अंबादासानं एकदा कमानीकडं पाहिलं. "मार," तो म्हणाला आणि बायकापोरांना घेऊन रस्त्यापलीकडं गेला.

ती एकटीच आत शिरली. घाव एकच ऐकू आला, पण तो तीन कोसांवरच्या गावांनी ऐकला, असं म्हणतात. घर पुढं कललं नाही, मागं कललं नाही, उभं होतं तिथंच खाली बसलं. धुळीचा असा लोट उठला की सूर्य दिसेना. ती सगळी धूळ आगीवर पडली, आणि कुसळपेठेच्या आयुष्यात पहिल्यांदा माळावरचा वारा थांबला.

धूळ निवळली. सहा घरं जळाली होती, नऊ वाचली होती. दुर्गव्वा मात्र दिसेना. अंबादासानं तीन दिवस एकेक दगड उचलून पाहिला. घण सापडला, ती सापडली नाही. मोरही सापडले नाहीत. तांड्याच्या वाटेनं एक बाई झपझप चालली होती आणि तिच्यापुढं दोन मोर उडत होते, असं एका मेंढक्यानं सांगितलं.

जळालेली घरं पेठेनं पुन्हा उभी केली. अंबादासाला सगळे म्हणाले, "तुझंही बांधू." तो म्हणाला, "नको. ती जागा मोकळीच राहू द्या."

ती दगडी घरं आजही रस्त्याला खेटून उभी आहेत, आणि मधोमध एका घराएवढी मोकळी जागा आहे. तिला दुर्गव्वाची जागा म्हणतात. दोन्ही बाजूंचे दुकानदार ती रोज झाडून ठेवतात. मेंढरांमागचे, कल्हईवाले, वाटेनं जाणारं कुणीही तिथं पाल ठोकतं. पहिल्या दिवशीची भाकरी एका घरातून जाते, दुसऱ्या दिवशीची पुढच्या घरातून. आणि किती दिवस राहणार, हे त्या जागेवर अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.