उरलेली चकती

उद्यमनगरात लेथ बिघडला की लोक यमुनाक्काकडे धावत, आणि लेथमालकांचे अध्यक्ष अण्णासाहेब शिंत्रे यांना नेमकं तेच खुपायचं. एकदा नाकात तपकिरीची चिमूट कोंबत ते गरजले, "यमुने, माझ्या लेथचा हेडस्टॉक खोलून पुन्हा बसवून दाखव. चुकलीस तर तुझ्या वर्कशॉपचं कायमचं शटर ओढायचं!"

बघायला सगळी गल्ली लोटली. अक्काने हेडस्टॉक, म्हणजे लेथचं फिरतं डोकं, खोलला, एकूण एक भाग रॉकेलात बुडवून धुतला आणि परत बसवला. बेअरिंगचा नट आवळून केसभर सैल केला, तसा लोखंड पकडणारा चक नुसत्या बोटाने गरगर फिरला.

"आणि हे काय?" अण्णासाहेबांनी ट्रेमधून एक चकती उचलली. "भाग उरला की! ओढ शटर!"

अक्काने चकती नाकाशी नेली आणि सणसणीत शिंकली.

"अण्णासाहेब, मी धुतलेल्या भागांना रॉकेलचा वास येतो. हिला तपकिरीचा येतोय. तुमचा लेथ तपकीर कधीपासून ओढायला लागला?"

गल्ली खो खो हसली. अक्काने बटण दाबलं, लेथ झोकात सुरू झाला. गोंधळलेल्या अण्णासाहेबांचा हात सवयीने खिशातल्या तपकिरीच्या डबीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.