घाट उतरायची गाडी

गाडीचा गिअर का अडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. क्लच झिजतो, ऑइल आटतं, नाहीतर दांडा ढिला होतो. पण आमच्या गावच्या ट्रस्टचे अध्यक्ष जयाजीराव पडले मोठे माणूस. त्यांनी वेगळंच कारण काढलं: ड्रायव्हर.

झालं असं, की केरबाच्या बायकोच्या, हौसाच्या छातीत कळ आली. तालुक्याला नेताना ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्सचा गिअर घाटात पडेचना. गाडी तिथंच उभी राहिली आणि हौसा गाडीतच गेली. ड्रायव्हर बाबू मुलाणी क्लच बदला म्हणून कधीचा ओरडत होता. ऐकतंय कोण?

दहावं उरकल्यावर जयाजीरावांनी तालुक्याला जाता जाता देवळात माणसं जमवली. म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. खोट बाबूच्या हातात. त्याला आजच काढून टाकतो."

बाबू खाली मान घालून रडत होता. तेवढ्यात केरबा उठला.

"मालक, गाडी खरंच चांगली आहे?"

"एकदम चांगली!"

"मग आता तालुक्याला निघालाय, तर तिच्यातूनच जा. ड्रायव्हर तुमचा घ्या."

जयाजीराव उसळले. "खुळा झालास का रे? घाटात गिअर अडकला तर मरू का मी?"

"नका मरू, मालक," केरबा म्हणाला. "पण माझ्या हौसालाही तोच घाट उतरायचा होता."

बाबूची नोकरी राहिली. एरवी असा जबाब ऐकला की आमचं गाव टाळ्या पिटतं. त्या दिवशी कुणाचा हात उठला नाही.