आक्कांची रिकामी फळी

फार पूर्वी, नदीवर अजून पूल नव्हता तेव्हा, एका गावाची सगळी ये-जा एकाच नावेवर चालायची. बाजार पलीकडच्या काठावर, वैद्यही पलीकडेच. नावेत बसायला चार फळ्या होत्या. फळ्यांवर गावातले लोक बसत. गावाबाहेरच्या वस्तीतले लोक नावेच्या तळाशी उभे राहत. तिथे नेहमी घोटाभर पाणी साचलेलं असे. फळी रिकामी असली तरी वस्तीतल्यांनी बसायचं नाही, असा रिवाज होता. तो कोणी घातला, हे कोणालाच सांगता येत नसे. त्या लोकांच्या पायांच्या बोटांत बारा महिने चिखल्या असत आणि गावातली मुलं त्यांना ‘बदकं आली, बदकं आली’ म्हणून चिडवत.

वस्तीत टोपल्या विणणारी एक बाई होती. सगळे तिला आक्का म्हणत. एक दिवस आक्का नावेत चढल्या आणि तिसऱ्या फळीवर बसल्या. फळी रिकामीच होती.

नावाड्याने वल्हं थांबवलं. “ए बाई, ऊठ.”

“बसू दे बाबा,” आक्का म्हणाल्या. “मी बसल्याने तुझी नाव जड होत नाही. उभी होते तेव्हाही एवढीच होते.”

दोघंतिघं हसले. नावाड्याला राग आला. त्याने नाव मागे फिरवली आणि आक्कांना काठावर उतरवलं. टोपल्या डोक्यावर घेऊन आक्का नदीच्या कडेने चालू लागल्या. दोन कोसांवर नदी उथळ होती. तिथून पाण्यात उतरून त्या पलीकडे गेल्या आणि तितकंच अंतर परत चालून बाजारात पोचल्या. त्यांच्याबरोबर त्यांची मैत्रीण चालत होती. ती दोर वळायची, म्हणून तिला दोरवाली म्हणत.

दुसऱ्या दिवशी वस्तीतलं कोणीच नावेत चढलं नाही. सगळे चालत गेले. असं वर्षभर चाललं. गावातल्या काहींनी आक्कांच्या टोपल्या नदीत फेकल्या. एकाने दगड मारला, तो आक्कांच्या कपाळाला लागला. वस्तीतल्या तरुणांनीही दगड उचलले, तेव्हा आक्का पदराने रक्त पुसत म्हणाल्या, “टाका खाली. आपल्याला त्यांच्या शेजारी बसायचंय. ज्याला दगड मारला त्याच्या शेजारी कसं बसणार?”

वर्ष संपता संपता नावाडी स्वतः वस्तीत आला. मान खाली घालून म्हणाला, “आक्का, चला. बसा नावेत.”

त्या दिवसापासून रिवाज मोडला. आक्का नेहमी तिसऱ्या फळीवर बसत. कोणीही चढलं की त्या थोडं सरकत आणि शेजारची जागा हाताने थोपटत. गावातला असो, वस्तीतला असो, त्या थोपटलेल्या जागी बसायला कोणाला संकोच वाटत नसे.

पुढे आक्का वारल्या. सगळा गाव रडला, दगड मारणाराही रडला. त्यांचा मान राहावा म्हणून सगळ्यांनी ठरवलं की तिसऱ्या फळीवर यापुढे कोणी बसायचं नाही. फळीला रंग दिला, पितळी पट्टी ठोकली. दोरवालीने आयुष्यातला सर्वांत सुबक दोर वळून फळीभोवती बांधला. रोज त्यावर झेंडूची माळ चढू लागली. माघात आक्कांच्या आठवणीचा दिवस पाळला जाई. मुलं त्यांची गोष्ट पाठ म्हणून दाखवत.

काही वर्षांनी खाणीत दगड फोडणारी माणसं कुठूनशी आली आणि माळावर पालं ठोकून राहिली. नावेत आता तीनच फळ्या उरल्या होत्या, त्यामुळे दाटी व्हायची. खाणीतल्या माणसांचे कपडे दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले असत. फळ्या खराब होतात, असं कोणीतरी म्हणालं आणि ती माणसं तळाशी उभी राहू लागली. हा रिवाज आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. भुकटी लागते, एवढंच.

एका माघात, आक्कांच्या दिवशी, नाव माणसांनी आणि ढोल-ताशांनी भरली होती. तळाशीही पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात खाणीतली एक बाई धावत आली. तिच्या खांद्यावर चार वर्षांची मुलगी होती, तापाने फणफणलेली.

“आजी, त्या फळीवर बसू का?” तिने दोरवालीला विचारलं. “पोरीला वैद्याकडे न्यायचंय.”

नावाड्याने दोरवालीकडे पाहिलं. गाठ तिची होती. दोरवालीने त्या बाईचे पाय पाहिले. बोटांत चिखल्या होत्या. क्षणभर तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण सगळे तिच्याकडे बघत होते.

“बाई, ती आक्कांची फळी आहे,” ती म्हणाली. “तिथे कोणी बसत नाही. कार्यक्रम झाला की पुढच्या खेपेला ये.”

नाव निघाली. पलीकडे मंडप घातला होता. दोरवाली गोष्ट सांगायला उभी राहिली. दरवर्षी तीच सांगायची. “नावाड्याने आक्कांना काठावर उतरवलं,” ती म्हणाली, “आणि त्या नदीच्या कडेने चालत…”

ती थांबली. गावाकडच्या काठाने एक बाई चालत होती. लांबून ती ठिपक्याएवढी दिसत होती, खांद्यावरचं मूल मात्र ओळखू येत होतं.

दोरवाली मंडपातून तशीच धावली. नावाड्याला म्हणाली, “नाव फिरव.” पण नाव काठाला लागेपर्यंत ती बाई वळणाआड गेली होती. माघातल्या गार पाण्यातून पोरीला घेऊन ती वैद्याकडे पोचली, तेव्हा दिवस मावळला होता. पोरगी वाचली, पण तिचे कान गेले. वैद्य म्हणाला, “दुपारी आणली असती, तर कदाचित…”

दुसऱ्या दिवशी दोरवालीने स्वतःच्या हाताने तो दोर कापला आणि माळ नदीत सोडली. त्या बाईची तिने माफी मागितली. बाई नुसतं “बरं” म्हणाली.

नंतर एकदा मायलेकी नावेत चढल्या आणि सवयीने तळाशी उभ्या राहिल्या. “ये बाळ, बस,” तिसऱ्या फळीवरून दोरवाली म्हणाली आणि लगेच गप्प झाली. मग ती थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने थोपटली. मुलीने तो हात पाहिला. ती येऊन बसली.

नावेत कोणीतरी आपल्या नातवंडाला आक्कांची गोष्ट सांगत होतं. मुलगी पाण्याकडे बघत होती.

तात्पर्य: थोर माणसाची जागा रिकामी ठेवून त्याचा मान राहत नाही, ज्याला अजून जागा मिळाली नाही त्याला तिथे बसवलं, तरच तो राहतो.