न दबणारं माउंटिंग

गाड्या माणसांहून जास्त बोलत, त्या काळची गोष्ट. कोल्हापूरच्या एका गॅरेजात म्हाताऱ्या मोटारीला नवंकोरं, तगडं इंजिन बसवायचं होतं. दस्तगीर मिस्त्रींनी त्याच्यापुढे दोन माउंटिंग ठेवली, एक रबरी आणि एक भरीव लोखंडी. इंजिन आणि सांगाडा यांच्या मध्ये बसून ओझं पेलायचं, एवढंच त्यांचं काम.

"बसणार तुम्ही, तेव्हा निवडा तुम्हीच," मिस्त्री म्हणाले.

इंजिन गुरगुरलं, "मी रबरावर बसू? ते तर दबतं!"

"माझ्या दबण्यामुळेच तुमचा हादरा माझ्यापाशी थांबतो, साहेब," रबर म्हणालं.

"मी तसूभरही दबणार नाही!" लोखंड गरजलं. इंजिन खूश झालं.

जुन्या मंडळींना हे पटलं नव्हतं. पण नव्या साहेबांशी पहिल्याच दिवशी वाकडं कशाला, म्हणून आरसा गप्प बसला. आरसा गप्प, म्हणून दिवेही गप्प. दारांनी तर तोंडच उघडलं नाही.

लोखंड बसलं. मिस्त्रींनी चावी फिरवली आणि इंजिनाचा एकेक धक्का थेट सांगाड्यात उतरला. आरसा लटलटू लागला, दिवे थरथरू लागले, दारं खडखडली, एक काच तडकली.

मिस्त्री ओरडले, "साहेब, अजून वेळ गेलेली नाही. रबर बसवू का?"

इंजिनाने ऐटीत सगळीकडे नजर फिरवली.

"कशाला? बघा की, सगळे कसे माना डोलावतायत!"