सुरंगीचा सुकलेला टिपूस

सुरंगीच्या डोळ्यात एक टिपूस राहायचा. इवलासा. काम एकच. ती रडली, की गालावर यायचं.

एकदा भर उन्हात लगोरी रंगली. घाम गेला टिप टिप, टिप टिप. सकाळपासून पाणी नाही. सुरंगी पडली. धप्प! गुडघा फुटला. "आई गं!"

टिपूस निघाला. बघतो तर काय, आपल्या अंगात पाणीच नाही!

"नाटकं करते," तिचा खेळगडी बाबल म्हणाला. "डोळे बघा, कोरडे! ऊठ, खेळ."

टिपसाला वाईट वाटलं. तो निघाला. खर्र खर्र, खर्र खर्र.

"डोळ्या, डोळ्या, मला पाणी दे."

डोळ्यानं जांभई दिली. "रक्त मला देईल, तर मी तुला देईन."

खर्र खर्र. रक्त झालं होतं काकवीसारखं दाट. चाललं होतं रखडत.

"रक्ता, रक्ता, डोळ्याला पाणी दे. डोळा मला देईल."

"माझंच भागत नाही. शूचा नळसुद्धा बंद केलाय. पोट मला देईल, तर मी देईन."

खर्र खर्र.

"पोटा, पोटा, रक्ताला पाणी दे. रक्त डोळ्याला देईल. डोळा मला देईल."

"मी रिकामं. मला कशाला उठवतोस? तोंड मला देईल, तर मी देईन."

खर्र खर्र.

"तोंडा, तोंडा, पोटाला पाणी दे. पोट रक्ताला देईल. रक्त डोळ्याला देईल. डोळा मला देईल."

तोंड चिकटलं होतं. "सुरंगी मला देईल, तर मी देईन. तिला डोकं सांगेल."

खर्र खर्र. टिपूस दमला.

"डोक्या, डोक्या, सुरंगीला सांग. सुरंगी तोंडाला पाणी देईल. तोंड पोटाला देईल. पोट रक्ताला देईल. रक्त डोळ्याला देईल. डोळा मला देईल."

डोक्यानं सुस्कारा सोडला. "तीनदा तहान धाडली. उत्तर नाही! पाणी प्यायला गेलं की डाव जातो, म्हणते. आता ठणकच धाडतो."

ठण! ठण! ठण!

सुरंगी मटकन बसली. "आत्या, पाणी!"

"सुरंगी बाद!" बाबल ओरडला.

"असू दे."

आत्यानं घरातून तांब्या आणला. "हळू गं बाय, घोट घोट."

गुटुक गुटुक. सुरंगीनं तोंडाला दिलं. तोंडानं पोटाला दिलं. पोटानं रक्ताला दिलं. रक्त पळालं सळ सळ! रक्तानं डोळ्याला दिलं. डोळ्यानं टिपसाला दिलं.

टिपूस फुगला. गालावर आला. टप्प!

बाबलनं पाहिलं. "अगं, तुला खरंच लागलंय?"

त्यानं चेंडू टाकला. खाली बसला. गुडघ्यावर फुंकर मारली. फू! फू!

टिपूस हनुवटीवर टेकला. "दमलो बुवा!"

गोष्टही दमली.