मथुरी जित्या भावासाठी रडली

फार वर्षं झाली. होड्या शिडावर चालायच्या, त्या काळी खारवडीच्या कोळीवाड्यात मथुरी नावाची कोळीण राहायची. आईबाप गेलेले, नवरा समुद्रानं नेलेला. तिचं म्हणून एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ जोमा.

खारवडीत एक रीत होती. समुद्रानं कुणाला नेलं की घरची बाई देवीच्या टेकडीवर चढून त्याच्या नावानं हेल काढून रडायची. तो हेल कानी पडला की हातातलं काम टाकून सगळं गाव टेकडी चढायचं. जो खाली राहील, त्याचं मढं उचलायला कुणी जायचं नाही. पण जित्या माणसाच्या नावानं रडलं, तर त्याचं आयुष्य तिथंच तुटतं, असंही म्हणत.

एका कार्तिकात पहाटे जमीन हलली. हंड्यातलं पाणी हिंदळलं. आणि ऊन वर आल्यावर, ऐन भरतीच्या वेळी, समुद्र मागं सरला. इतका की कुणाच्या आज्यानं पाहिले नव्हते ते खडक उघडे पडले. चिखलात पापलेटं तडफडत होती. सगळं गाव पाट्या घेऊन धावलं. जोमा सगळ्यांच्या पुढं.

मथुरी किनाऱ्यावरून ओरडली, "माघारी फिरा रे! एडका मागं सरतो तो टक्कर द्यायला!"

"पाटी आण गो मथुरे! नाहीतर सांजेला आमच्या दारात कालवण मागशील," बाया हसल्या. जोमानं मागं वळूनही पाहिलं नाही.

मग मथुरी टेकडी चढली. दुसरीच्या लेकराचं नाव कसं घ्यायचं? तिनं छाती पिटली आणि हेल काढला, "जोमा रेऽ, माझ्या भावा रेऽ!"

असं म्हणतात, तो हेल सात खाड्यांपलीकडं ऐकू गेला. जोमाच्या हातातली मासळी गळून पडली. आपलंच मरण त्यानं आपल्या कानांनी ऐकलं. पाट्या टाकून गाव टेकडीकडं धावलं, आणि त्यांच्यातून वाट काढत संतापलेला जोमा वर आला.

"मी जिता हाय! कुणाला रडतेस गो?"

"वर आलास ना? आता मार मला."

सगळे आले. एक बहिरी काशीआय तेवढी खाली राहिली. हेल तिला ऐकू कसा येणार? मथुरी तिच्यासाठी उतरली. असं म्हणतात, ती उतरली तरी तिचा हेल टेकडीवर घुमतच राहिला, म्हणून गाव जागचं हललं नाही. एकटा जोमा तिच्यामागं धावला.

तोवर समुद्र भिंतीसारखा उभा राहून आला. माडांचे शेंडे बुडाले. टेकडीच्या चढावर, गळाभर पाण्यात, मथुरीनं म्हातारीला जोमाच्या कवेत लोटलं.

"धर हिला!"

जोमानं धरलं. त्याचे दोन्ही हात म्हातारीत गुंतले. हातभर अंतरावरून बहीण वाहत गेली, आणि धरायला तिसरा हात नव्हता.

घरात बाई उरली नव्हती. म्हणून जोमाच रडला. त्यानं तोंड उघडलं, तेव्हा कुठं टेकडीवरचा तिचा हेल थांबला. समुद्रानं तिचं लुगडंसुद्धा परत दिलं नाही.

आता खारवडीच्या बंदरावर भोंगा आहे. दूर समुद्रात हादरा बसला की यंत्रांना आधी कळतं आणि भोंगा वाजतो. तरीही दर कार्तिकात, एका सकाळी, गावातली कुणी बहीण टेकडीवर चढते आणि आपल्या जित्या भावाच्या नावानं रडते. कुणी तिला अभद्र म्हणत नाही. मासळीचा लिलाव अर्धा टाकून गाव टेकडी चढतं. ज्याच्या नावानं ती रडते, तो भाऊ सगळ्यांच्या शेवटी येतो. गावातलं एक म्हातारं माणूस त्यानं जुन्या जाळ्यानं पाठीशी घट्ट बांधलेलं असतं, आणि दोन्ही हात मोकळे ठेवलेले असतात.